सुईनंतरचे चोवीस तास कोणाचे?

सरकारी रुग्णालयांतील रिकाम्या खाटा म्हणजे जनतेच्या पैशाचा अपव्यय होय, असे एक मत गेली काही वर्षे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जात आहे. वैद्यकशास्त्र पुढे गेले, तपासण्या एका दिवसात होऊ लागल्या, रुग्ण सकाळी येतो आणि संध्याकाळी घरी जातो. मग एवढ्या खाटा, एवढ्या परिचारिका आणि रात्रपाळीचा हा सारा संसार कशाला, असा या मताचा सूर आहे. जानेवारी २०२० मध्ये नीती आयोगाने जिल्हा रुग्णालये खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडण्याची जी योजना पुढे केली, तिच्यात खाटांची विभागणीच ‘नियंत्रित खाटा’ आणि ‘बाजार खाटा’ अशी होती. पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवताना बाजाराचे अनेक प्रकार मी विद्यार्थ्यांना सांगितले; बाजार खाट हा प्रकार मात्र निवृत्तीनंतर शिकावा लागला.

या मताचा समाचार मी एका अगदी लहान वैद्यकीय प्रश्नाच्या आधारे घेऊ इच्छितो. यकृताची बायॉप्सी केल्यावर होणारा रक्तस्राव आटोक्यात कसा आणावा, हा तो प्रश्न. हा तर डॉक्टरांचा प्रश्न, अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाचे येथे काय काम, असे वाचक विचारतील. पण हा प्रश्न जितका सुईचा आहे तितकाच खाटेचा, पगाराचा आणि रक्तपेढीचा आहे, आणि या तीन गोष्टी कोणी कोणासाठी राखायच्या हे ठरवणे डॉक्टरांच्या हाती राहिलेले नाही.

प्रथम वस्तुस्थिती. यकृतात सुई घालून त्याचा नमुना घेण्याचा पहिला प्रयोग जर्मनीत पॉल एर्लिख यांनी १८८३ साली केला. ही तपासणी जगभर रूढ झाली ती मात्र १९५८ नंतर. त्या वर्षी इटलीच्या मेंगिनी यांनी अशी पद्धत मांडली की सुई यकृतात जेमतेम एक सेकंद राहते. बरगड्यांमधून सुई जाते, काडीसारखा बारीक तुकडा येतो आणि त्यावरून कावीळ कशाने झाली, यकृत किती निबर झाले, रोपण केलेले यकृत शरीर नाकारते आहे काय, हे कळते. यकृत हा रक्ताने थबथबलेला अवयव असल्याने छिद्रातून थोडेफार रक्त येतेच आणि बहुतेक वेळा ते आपोआप थांबते. थांबले नाही तर पोटाच्या पोकळीत साचत जाते, आणि बाहेरून एक थेंबही दिसत नाही.

हे किती वेळा घडते? इटलीतील अनेक रुग्णालयांनी १९७३ ते १९८३ या दहा वर्षांतील ६८,२७६ बायॉप्सींचा हिशेब १९८६ साली एकत्र प्रसिद्ध केला. मृत्यू लाखामागे नऊ, आणि ते सारे पोटात रक्त साचल्याने झालेले. रुग्ण सिऱ्होसिसचे किंवा कर्करोगाचे. अमेरिकेतील यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २००९ साली गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण अडीच हजारांत एक ते दहा हजारांत एक असे धरले. म्हणजे धोका अल्प आहे. ज्यांना डॉक्टरांनी ही तपासणी सांगितली आहे त्यांनी हा लेख वाचून घाबरून ती टाळू नये.

परंतु त्याच इटालियन हिशेबात आणखी एक आकडा आहे आणि माझ्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. जे उपद्रव झाले त्यांपैकी ६१ टक्के पहिल्या दोन तासांत, ८२ टक्के दहा तासांत आणि ९६ टक्के चोवीस तासांत उघड झाले. सुई एक सेकंदाची. जबाबदारी चोवीस तासांची. बाजाराला त्या सेकंदाची किंमत नेमकी कळते. उरलेल्या चोवीस तासांचे काय?

या चोवीस तासांत रक्तस्राव आटोक्यात आणण्याची साधने कोणती, ते पाहू. पहिले साधन म्हणजे परिचारिकेचा हात. पहिला तासभर निदान दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब पाहावा, नंतरही काही तास ठरावीक अंतराने पाहत राहावे, असा दंडक आहे. नाडी वाढू लागली, रक्तदाब उतरू लागला, उजव्या खांद्यातली कळ कमी होण्याऐवजी वाढली, घाम फुटला, की सोनोग्राफी करून पोटात रक्त आहे काय ते पाहायचे. दुसरे साधन रक्तपेढीत रुग्णाच्या गटाचे, जुळवून ठेवलेले रक्त. तिसरे, मांडीतील किंवा मनगटातील रोहिणीतून बारीक नळी यकृतापर्यंत नेऊन वाहणारी शाखा जिलेटिनच्या स्पंजाने किंवा धातूच्या वेटोळ्याने बंद करणारा तज्ज्ञ आणि त्याचे यंत्र. आणि तेही साधले नाही तर पोट उघडून रक्त थांबवणारा शल्यविशारद व त्याच्यासोबत भूलतज्ज्ञ. काही वेळा रक्त पित्तनलिकेत उतरते आणि काही दिवसांनी पोटदुखी, कावीळ व काळे शौच घेऊन रुग्ण परत येतो. तेव्हाही हीच मंडळी लागतात.

आता ही यादी अर्थशास्त्राच्या नजरेने वाचा. हजारो रुग्णांमागे एखाद्यालाच तिचा पुरेपूर उपयोग होणार आहे. उरलेल्यांसाठी ती नुसती उभी असते. अग्निशामक दलाचा बंब उभा असतो तशी. शहरात आग लागली नाही म्हणून बंबाच्या चालकाला कोणी आळशी म्हणत नाही. पण रुग्णालयात खाट रिकामी दिसली, रक्ताच्या पिशव्या शीतकपाटात दिसल्या, रात्रपाळीचा तज्ज्ञ बसून दिसला की आमच्या कार्यक्षमतेच्या पुजाऱ्यांना अपव्यय दिसू लागतो. राखीव क्षमता ही रिकामी क्षमता नव्हे. रक्तस्राव थांबवणारी वस्तू म्हणून बाजारात जे जे विकले जाते त्या सर्वांहून ही राखीव क्षमता अधिक परिणामकारक आहे, आणि तिचे दुर्दैव असे की ती कोणत्याही एका रुग्णाच्या बिलात मावत नाही.

गेल्या वर्षी एका परिचितांचे अशा तपासणीचे बिल माझ्या पाहण्यात आले. सुईची ओळ होती, सोनोग्राफीची होती, हातमोज्यांचीसुद्धा होती. जिने अर्धी दुपार दर पाव तासाला येऊन त्यांची नाडी पाहिली, त्या परिचारिकेच्या कामासाठी मात्र एकही ओळ नव्हती. ती कोठेतरी ‘खाटेचे भाडे’ या शब्दांत विरघळून गेली होती. ज्या श्रमाला बिलात ओळ नाही तो श्रम खर्चकपातीच्या पहिल्या दिवशीच कापला जातो. कंत्राटी परिचारिका, भरली न जाणारी पदे, एका बाईवर तीस-चाळीस रुग्ण, आणि वर तक्ता मात्र दर पंधरा मिनिटांचा! ज्यांनी सरकारी वॉर्डात रात्र काढली आहे त्यांना पहाटे एकदमच भरलेला तक्ता कसा दिसतो हे सांगायला नको. दोष त्या बाईचा नाही. चाळीस जणांची नाडी पंधरा मिनिटांत पाहता येत नाही, हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

सरकारी विमा योजनांतून मिळणाऱ्या ठरावीक रकमेच्या ‘पॅकेज’चाही येथे विचार केला पाहिजे. रक्कम ठरलेली असली की निरीक्षणाचा प्रत्येक जादा तास नफ्यातून वजा होतो आणि लवकर घरी पाठवलेला प्रत्येक रुग्ण नफ्यात मिळतो. डॉक्टर दुष्ट असण्याची गरज नाही. रचनाच त्याला दरवाजा दाखवते. घरी पाठवलेल्या रुग्णाला रात्री रक्तस्राव झाला तर तो धावत जातो बहुधा सरकारी रुग्णालयात, म्हणजे ज्या रिकाम्या खाटेला अपव्यय म्हटले होते तिच्याकडेच. नफा खाजगी, धोका सार्वजनिक. या व्यवहाराला आमच्या शास्त्रात ‘बाह्य परिणाम’ असे सौम्य नाव आहे. मी त्याला दुसऱ्याच्या ताटावरचे जेवण म्हणतो.

आता ‘घरी’ या शब्दाकडे वळू. अमेरिकेतील तज्ज्ञांनी १९८९ साली बाह्यरुग्ण बायॉप्सीसाठी ज्या अटी घातल्या त्यांत दोन अटी अशा होत्या: त्रास झाल्यास रुग्णाला अर्ध्या तासात रुग्णालयात परत येता आले पाहिजे, आणि पहिल्या रात्री त्याच्यासोबत भरवशाचे माणूस असले पाहिजे. अटी अत्यंत वाजवी आहेत. पण भामरागडच्या माडिया शेतकऱ्याला त्या वाचून दाखवा. त्याच्या गावापासून जिल्ह्याचे ठिकाणच दीडशे किलोमीटरहून अधिक दूर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच नाहीसा होतो. आणि वर सांगितलेले सारे तज्ज्ञ एकत्र भेटायचे तर नागपूर गाठायला हवे. धडगावच्या पावऱ्याची कथा वेगळी नाही. अर्ध्या तासाची अट कागदावर वैद्यकीय आहे. आमच्या भूगोलात ती वर्गीय होते. बोरीवलीच्या रुग्णासाठी जी ‘डे केअर’ ती या माणसासाठी जुगार.

आणि याच भागांत सिकलसेलचा आजार अधिक. सिकलसेलच्या रुग्णाचे यकृत तीव्रपणे बिघडलेले असताना बाहेरून सुई घालणे विशेष घातक ठरते, असे अनुभव वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. तपासणीची कार्डे वाटली गेली. पण ज्याच्या कार्डावर आजार लिहिला त्याला अशा प्रसंगी मानेतील शिरेतून यकृतापर्यंत जाणारी सुरक्षित बायॉप्सी कोठे मिळेल, याचे उत्तर त्या कार्डावर नसते. ही पद्धत १९७० च्या आसपास माणसांत रुजू लागली. तिच्यात नमुना शिरेच्या आतून घेतला जातो, त्यामुळे रक्त आलेच तर पोटात न सांडता बहुधा शिरेतच परत जाते. ज्यांचे रक्त गोठण्यात दोष आहे किंवा ज्यांच्या पोटात पाणी झाले आहे त्यांच्यासाठी तीच योग्य. पण तिला क्ष-किरण यंत्राची सज्ज खोली लागते, आणि अशा खोल्या मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. ज्याला सर्वांत सुरक्षित पद्धतीची गरज तोच त्या पद्धतीपासून सर्वांत दूर.

येथे प्रतिपक्षाचे एक म्हणणे मला मान्य केले पाहिजे. रक्तस्राव टाळण्याचा उत्तम उपाय म्हणजे सुई न घालणे, आणि त्या दिशेने खरी प्रगती झाली आहे. रुग्णाचे वय, यकृताच्या दोन एन्झाइमांचे आकडे आणि प्लेटलेटची संख्या एवढ्यावरून यकृत किती निबर झाले असावे याचा अंदाज देणारे एक सूत्र २००६ साली प्रसिद्ध झाले. ते कोणत्याही पेटंटाविना, कागदावर पेन्सिलीने मांडता येते. यकृताची ताठरता लहरींनी मोजणारी फ्रेंच यंत्रेही शहरोशहरी आली आहेत. पूर्वी ज्यांना सुई लागली असती अशा अनेकांना ती आता लागत नाही, आणि याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र यातून निघणारा निष्कर्ष त्यांच्या सोयीचा नाही. साध्या रुग्णांची सुई टळली की सुईसाठी उरतात ते गुंतागुंतीचे रुग्ण: ज्यांच्या आजाराचा उलगडा रक्ताच्या तपासण्यांनी होत नाही ते, रोपण झालेले, गाठ कसली ते न कळलेले. बायॉप्सींची संख्या घटेल, पण प्रत्येक बायॉप्सीमागचा धोका वाढेल. म्हणजे राखीव क्षमता पूर्वीपेक्षा अधिक लागेल.

दुसरी एक प्रथा मात्र प्रगतीच्या नावाखाली चालते आणि ती निव्वळ उधळपट्टी आहे. बायॉप्सीपूर्वी रक्त गोठण्याची चाचणी करतात. आकडा जरा वर दिसला की नातेवाइकांच्या हाती चिठ्ठी पडते: प्लाझ्माच्या चार पिशव्या आणा. जर्मनीतील एवे यांनी १९८१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी लॅप्रोस्कोपमधून प्रत्यक्ष पाहत, सुई काढल्यावर यकृतातून रक्त किती वेळ वाहते ते दोनशे रुग्णांत मोजले. चाचणीचा आकडा आणि रक्त वाहण्याचा काळ यांचा मेळ बसला नाही. सिऱ्होसिसमध्ये रक्त गोठवणारे घटक जसे घटतात तसे गोठू न देणारेही घटतात, त्यामुळे एकट्या त्या आकड्याने तोल कळत नाही, हे त्यानंतर अधिक स्पष्ट झाले. आकडा सुधारण्यासाठी सरसकट प्लाझ्मा चढवू नये, असेच अलीकडची मार्गदर्शक सूत्रे सांगतात. उलट त्या जादा द्रवाने यकृताकडे येणाऱ्या शिरेतील दाब वाढतो. मग ही चिठ्ठी का लिहिली जाते? कारण उद्या काही झालेच तर कागदावर आकडा ठीक दिसावा म्हणून. सुईआधी कागदासाठी रक्त वाया घालवायचे आणि सुईनंतर माणसासाठी रक्त नाही म्हणायचे, अशी ही विभागणी आहे.

रक्ताचा विषय निघाला म्हणून अर्थशास्त्रातील एका जुन्या वादाची आठवण देतो. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ सालीच दाखवले होते की वैद्यकीय सेवा ही बाजारातील इतर वस्तूंसारखी नाही, कारण रुग्णाला काय विकत घेतो आहोत हे कळत नसते. रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या ग्रंथात ब्रिटनचे दानातून मिळणारे रक्त आणि अमेरिकेतील विकत घेतलेले रक्त यांची तुलना केली आणि विक्रीचे रक्त अधिक दूषित, अधिक वाया जाणारे व अधिक महाग असते असे प्रतिपादन केले. गंमत अशी की रक्ताला बाजार जोडल्याने दानवृत्ती कमी का व्हावी हे आपल्याला समजत नाही, असा आक्षेप १९७२ साली अ‍ॅरो यांनीच घेतला. त्या वादाचा निकाल आपल्या देशात पुस्तकांत लागला नाही, न्यायालयात लागला. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निर्णय दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. २००२ च्या राष्ट्रीय रक्तधोरणाने नातेवाइकांकडून ‘बदली’ रक्त घेण्याची प्रथाही टप्प्याटप्प्याने संपवण्याचे मान्य केले.

ती संपली काय? कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीबाहेर तासभर उभे राहा. गावाहून आलेला भाऊ दोन पिशव्यांसाठी ओळखीपाळखीच्यांना फोन करत असतो. शहरात त्याची ओळख असेल तर रक्त मिळते. ज्या रुग्णाच्या पोटात रक्त साचते आहे त्याच्यासाठी हा वेळ तासांत मोजायचा नसतो. बदली दात्याची सक्ती म्हणजे गरिबावर लादलेला रक्ताचा कर होय, आणि तोही आगाऊ भरायचा.

आणि येथे मला आपल्याच कार्यकर्त्यांना दोन कटू शब्द सांगायचे आहेत. रक्तदान शिबिरे घेण्यात महाराष्ट्र अग्रेसर आहे आणि त्यात पुरोगामी चळवळीतील तरुणांचा वाटा मोठा आहे. पण आपण शिबिर कधी घेतो? १ मे रोजी, पुण्यतिथीला, नेत्याच्या वाढदिवसाला. एका दिवसात पाचशे पिशव्या, छायाचित्र, प्रमाणपत्रे. लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, प्लेटलेट फक्त पाच दिवस. एकाच दिवशी आलेला पूर रक्तपेढीला झेपत नाही, आणि मे महिन्याच्या सुट्टीत व दिवाळीत त्याच पेढीच्या कपाटात दुष्काळ पडतो. पाचशे पिशव्यांच्या एका शिबिरापेक्षा पन्नासाची दहा शिबिरे, रक्तपेढीला विचारून ठरवलेल्या तारखांना, कितीतरी मोलाची. त्यांची बातमी छापून येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

सरकारकडे मागायचे ते याहून मोठे आहे. सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन २०१७ च्या आरोग्यधोरणात दिले होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत, कोविडच्या खर्चासह, तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी आपल्या खिशातून भरले. या परिस्थितीत जिल्हा रुग्णालयाच्या खाटा बाजाराला देणे म्हणजे उरलेला बंबही भाड्याने लावणे होय. खाजगी रुग्णालयांना सूट द्यावी असेही मी म्हणत नाही. १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखालील नियम राज्यात २०२१ साली सुधारले गेले. रुग्णहक्कांची सनद आणि दरफलक लावणे त्यांत आले. त्याच नियमांत एक कलम वाढवावे: जेथे रक्ताची सोय नाही, रात्री जागी परिचारिका नाही आणि रक्तस्राव थांबवणाऱ्या तज्ज्ञाकडे नेण्याची लेखी व्यवस्था नाही, तेथे यकृतात सुई घालण्यास मनाई.

दूरच्या रुग्णासाठी पहिली रात्र रुग्णालयाजवळ, सोबतच्या माणसासह, विनामूल्य राहण्याची सोय ही तर वैद्यकीय उपचाराचाच भाग मानली पाहिजे. गाडगेबाबांना हे कोणत्याही मार्गदर्शक सूत्राविना कळले होते. दादरला त्यांच्या नावाने उभी असलेली धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आजही आसरा देते. जे एका फकिराने खराटा आणि गाडगे घेऊन ओळखले, ते करायला राज्य सरकारला पैसा नाही असे म्हणणे मला तरी पटत नाही.

जिल्हा नियोजन समितीत आपले जे सदस्य आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला जाताना जिल्हा शल्यचिकित्सकांना आधी लेखी विचारावे: गेल्या वर्षी आपल्या रुग्णालयातून किती रुग्ण बायॉप्सीसाठी बाहेर पाठवले, ते कोठे गेले, रात्रपाळीत एका परिचारिकेवर किती रुग्ण होते, आणि कोणत्या महिन्यांत रक्तपेढीने बदली दाता मागितला. उत्तरे मिळाल्यावर ती या साप्ताहिकाकडे पाठवावीत, जिल्ह्याच्या नावासह.